तीन दशांश मिलिमीटर

दुकानदाराने काउंटरच्या काचेवर तीन काडतुसं उभी केली. हानेकेने त्यातलं सगळ्यात जाड उचललं आणि अंबरीशच्या तळहातावर ठेवलं.

"हे घे. थ्री-ओ-एट. हरणाला चालतं, रानडुकराला चालतं. एक रायफल, एक काडतूस, डोक्याला ताप नाही."

अंबरीशने ते परत काचेवर ठेवलं आणि शेजारचं बारीक काडतूस उचललं. "मी टू-फॉर्टी-थ्रीचा विचार करतोय. सगळं काढून बघितलंय. हलकी गोळी घेतली तरी शंभर मीटरवर दोन हजार ज्यूल मिळतात. छोट्या हरणाला कायद्याने नऊशे ऐंशी लागतात."

"हरणाला पुरेल. आणि समोर डुक्कर आलं तर?"

"डुकरावर मी गोळी घालणारच नाही."

"सगळे असंच म्हणतात," हानेके म्हणाली. "डुकरासाठी कमीत कमी साडेसहा मिलिमीटरची गोळी लागते, आणि बावीसशे ज्यूल. तुझी गोळी सहा पूर्णांक दोनची आहे."

"तीन दशांश मिलिमीटर!" अंबरीश हसला. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा माणूस तो; दिवसभर नॅनोमीटरमध्ये बोलायचा. पण हसला तो कायद्याला.

हानेके हसली नाही. ती अडुसष्ट वर्षांची होती. गाईगुरांची डॉक्टर म्हणून ब्राबांट या डच प्रांतातल्या गोठ्यांमध्ये उभं आयुष्य काढलेलं. आइंडहोवनच्या पूर्वेकडची काही शेतं आणि जंगलाचा एक पट्टा शिकारीसाठी तिच्याकडे होता आणि तिथे कोण येणार, कोण नाही, हे तीच ठरवायची. "मी डुकरांचे खांदे कापलेत," ती म्हणाली. "कातडीखाली बोटभर जाड चिवट थर असतो, ढालीसारखा. तुझी हलकी गोळी त्याच्यावरच फुटते, आत जात नाही. जनावर मरत नाही, नुसतं मोडतं." मग तिने तिसरं काडतूस पुढे सरकवलं. "रायफलच्या धक्क्याचाच प्रश्न असेल तर हे घे. सिक्स-फाइव्ह. खांद्याला त्रास नाही आणि काम पूर्ण. आसावरीकडे हेच आहे."

अंबरीश शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे वळून मराठीत म्हणाला, "आता बायकोच्या मापाची रायफल घेऊन फिरू का मी?"

"काय म्हणतो?" हानेकेने विचारलं.

"म्हणतो, सध्या हरणाचंच बघू," आसावरी म्हणाली.

त्याने टू-फॉर्टी-थ्री घेतली.

धक्क्याचा प्रश्न होताच, आणि तो तिघांनाही माहीत होता. अंबरीशच्या डिपार्टमेंटचा डायरेक्टर शिकारी होता. शिकारीला त्याच्यासोबत जाणारी माणसं मीटिंगमध्येही त्याच्या बाजूला बसायची, म्हणून अंबरीशने परवान्याच्या परीक्षेचा घाट घातला होता. डच वर्गात एकट्याने बसायला नको म्हणून आसावरीलाही ओढलं. ती नाशिकची, एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर. तिला बंदुकीत काडीचाही रस नव्हता. पण वर्गात पक्ष्यांची, झाडांची, पावलांच्या ठशांची नावं शिकता शिकता ती त्यात रमली, आणि नेमबाजीत पहिल्याच फटक्यात पास झाली. अंबरीशला तीन वेळा जावं लागलं. दुसऱ्या वेळी डायरेक्टरने कौतुकाने आपली थ्री-ओ-एट त्याच्या हातात दिली होती. घोडा दाबायच्या आधीच अंबरीशचे डोळे मिटले, खांदा आखडला आणि गोळी लक्ष्याच्या खाली मातीत गेली. पुढचीही मातीत. तिसरीही. डायरेक्टर हसला, त्यात वाईट काही नव्हतं. "खांद्याने नाही, पापण्यांनी मारतोयस," एवढंच म्हणाला. पण ते वाक्य ऑफिसमध्ये पोचलं.

त्यानंतर अंबरीशने आसावरीला सुधारायला सुरुवात केली. चारचौघांत तिच्या डच उच्चारांना हसायचं. तिने हरीण टिपलं तर "जवळ होतं ना पण" म्हणायचं. ऑगस्टमध्ये तिने पहिलं रानडुक्कर टिपलं. एकाच गोळीत, उभ्या जागी कोसळलं. हानेकेने शिकारीचा मान म्हणून ओकची डहाळी मोडून तिच्या टोपीत खोचली. घरी परतताना गाडीत अंबरीश म्हणाला, "तुला काही वाटत नाही का गं? एवढं मोठं जनावर मारलंस आणि मजेत बसलीयेस."

"मजेत नाही बसलेले."

"रडलीही नाहीस पण."

त्याने स्वतः दोन हंगामांत काहीच टिपलं नव्हतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. नर हरणांचा हंगाम महिनाअखेरीस संपणार होता. मक्याच्या शेताकडेला, जंगलाच्या तोंडाशी लाकडी मचाण होतं, दोघं बसतील असं. अंबरीश आपली रायफल घेऊन आधीच जाऊन बसला होता. आसावरी ऑफिसातून थेट तिकडे आली. तिची रायफल घरी कपाटात कुलूपबंद होती. तिला नुसतं बसायचंच होतं. संध्याकाळी धुकं उतरायला लागलं की त्या शेतावर जे निळं पडायचं, ते तिला आवडायचं.

हरीण आलं नाही. ऊन उतरलं, मक्याची पानं खसखसली आणि बांधावर रानडुकराची एक मोठी मादी बाहेर आली. तिच्या मागून पिल्लं. अंगावर अजून पिवळट पट्टे असलेली, आईच्या पायात पाय घालत धावणारी. मादी नाकाने माती उकरू लागली. अंतर फार तर सत्तर मीटर.

अंबरीशने रायफल कठड्यावर टेकवली.

"अंबरीश," आसावरी कुजबुजली. "पिल्लं आहेत. मादीला मारत नाहीत पिल्लांसमोर."

"या भागात सगळीच मारायची आहेत. एकही डुक्कर नको, हाच नियम आहे इथला."

"मारायची असतील तर आधी पिल्लं, मग आई. हानेकेने किती वेळा सांगितलंय. आणि तुझ्या हातात टू-फॉर्टी-थ्री आहे."

"सत्तर मीटरला एनर्जी भरपूर आहे."

"ते काडतूस डुकराचं नाही. नको मारूस."

"गप बस. तुझ्या श्वासाने हलतंय सगळं."

तिने त्याच्या बाहीला हात घातला, आणि तेवढ्यात त्याने घोडा दाबला.

मादी पुढच्या दोन गुडघ्यांवर बसली. मग ती ओरडली. आसावरीने डुकराचं ओरडणं आधी ऐकलं होतं, पण हे तसं नव्हतं. लांबलचक, श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा श्वास घेऊन तेच. तीन पायांवर उठून, चौथा पाय दोरीला बांधल्यासारखा लोंबकळवत ती मक्यात घुसली. पिल्लं आधी चारी दिशांना उधळली आणि मग एकेक करून आईच्या आवाजामागे मक्यात शिरली.

"लागली!" अंबरीश म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "बघितलंस? डोळे उघडे होते माझे!"

मक्यातून मोडण्याचा आवाज येत राहिला. मग मोडण्याचा आवाज थांबला आणि ओरडणं तेवढं उरलं.

आसावरीने फोन काढला. "हानेकेला बोलावते. कुत्रा घेऊन येईल, अर्ध्या तासात सापडेल."

त्याने तिचं मनगट धरलं. "थांब. विचार कर. ती येणार, जनावर उघडणार, गोळी बघणार. मग माझा परवाना गेला."

"जाऊ दे."

"नुसता परवाना नाही. शस्त्रांच्या कायद्यात रेकॉर्ड झालं तर ऑफिसचं सिक्युरिटी क्लिअरन्स काय होईल कळतंय का तुला? अकरा वर्षं काढलीत मी इथे. एका डुकरासाठी घालवू?"

"ती ओरडतेय, अंबरीश."

"मरेल आता. मिनिटांचा प्रश्न आहे."

ते दोघं मचाणावर बसून राहिले. ओरडणं थांबलं, तेव्हा अंबरीश म्हणाला, "बघ." मग ते पुन्हा सुरू झालं.

आसावरी खाली उतरायला निघाली. "मी जाते मक्यात. तुझी रायफल दे."

"वेडी आहेस? जखमी डुक्कर फाडून टाकेल तुला. अंधार पडतोय." आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, "हे बघ, तू शेजारी बसली होतीस. इतका वेळ कळवलं नाहीस, म्हणजे तूही त्यातच. आता कळवलंस तर तुझाही परवाना जाईल. तुला चालणार आहे? या सगळ्यात तुलाच जास्त गोडी आहे ना?"

ती शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली. एवढंच तिने केलं: थांबली. मग तो पुढे आणि ती मागे, असे दोघं गाडीपर्यंत चालत गेले.

घरी अंबरीशने आमटी-भात गरम करून घेतला. "तू जेवणार नाहीस?" असं दोनदा विचारलं, मग जेवला. टीव्हीवर मॅच लावली. मध्येच म्हणाला, "निसर्गात काय, लांडगे नाही का खात जिवंत?" आसावरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोन हातात धरून उभी होती. हानेकेचं नाव स्क्रीनवर होतं. तिने ते दाबलं नाही.

सकाळी उजाडायच्या सुमारास ती उठली, आपली सिक्स-फाइव्ह घेतली आणि गाडी काढली.

मक्यात शिरायची गरजच पडली नाही. पिल्लांच्या आवाजावरून तिला कळलं. शेताच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचा एक उथळ चर होता. मादी रात्रभरात तिथपर्यंत घसटत आली होती आणि चरात अर्धी उतरून पडली होती. तिने मागच्या पायांनी माती इतकी रेटली होती की तिथे खड्डा झाला होता. उजवा खांदा उघडा होता, त्यात पांढऱ्या हाडाच्या चिपा आणि माशा. ती जिवंत होती. डोळा फिरवून तिने आसावरीकडे बघितलं, उठायचा प्रयत्न केला आणि जबडा वाजवला. पोटाशी पाचही पिल्लं दुधासाठी ढुशा देत होती. ढुशी बसली की खांदा हलायचा, आणि खांदा हलला की तिच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा. आता ओरडायलाही तिच्यात काही उरलं नव्हतं.

आसावरीने पिल्लांना हाकललं. सगळी मक्यात पळाली. तिने कानामागे नेम धरला आणि मादी मेली, आवाज विरायच्या आत.

मग तिने हानेकेला फोन केला. "जखमी मादी होती, मी संपवली. पिल्लं आहेत. ये."

"कधी जखमी झाली?"

"काल संध्याकाळी."

"येते," हानेके म्हणाली.

तिच्या आधी अंबरीश आला. कपाट उघडं आणि गाडी गायब बघून इलेक्ट्रिक सायकलवर आला होता, पायजम्यावर जॅकेट चढवून. मेलेली मादी बघितली, आसावरीच्या हातातला फोन बघितला.

"केलास?"

"केला."

तो दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे फिरला. मग थांबला आणि त्याचा आवाज बदलला. मीटिंगमध्ये तोडगा सापडल्यावर बदलायचा तसा.

"ठीक आहे. काही बिघडलेलं नाही. ऐक. काल मचाणावर तू बसली होतीस. तुझी रायफल, तुझं काडतूस. साडेसहा मिलिमीटर, एकदम कायदेशीर. पहिली गोळी जरा चुकली, अंधार पडला म्हणून मक्यात गेली नाहीस, सकाळी येऊन संपवलीस. नेम कुणाचाही चुकतो. कुणाचंच काही जात नाही."

"माझं जातं."

"काय जातं तुझं? हानेके दोन शब्द बोलेल. तुझी लाडकी आहे ती. तुला माफ करेल. मला करणार नाही." तो जवळ आला. "आशू, प्लीज. एवढं एक कर."

चार-पाच वर्षांत त्याने तिला आशू म्हटलं नव्हतं.

हानेकेची व्हॅन चिखलाच्या रस्त्याने येऊन थांबली. कुत्रा मागे भुंकत होता. तिने त्याला बाहेर काढलं नाही. ती चराशी आली, वाकली आणि जखमेकडे बघत राहिली. अंबरीशने लगेच डचमध्ये सुरुवात केली. त्याचं डच चांगलं होतं. काल संध्याकाळी आसावरी इथे एकटीच होती, पहिली गोळी दुर्दैवाने जरा पुढे लागली, ती घाबरली, घरी येऊन रडली, त्याला सकाळीच कळलं. हे सगळं त्याने अतिशय सहानुभूतीने सांगितलं. मध्ये आसावरीच्या खांद्यावर हातही ठेवला.

हानेकेने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग आसावरीला विचारलं, "तू?"

आसावरीने खांद्यावरचा हात बाजूला केला. "नाही. गोळी त्याची. टू-फॉर्टी-थ्री. मी शेजारी बसले होते."

"आसावरी!" अंबरीश मराठीत ओरडला. "काय बोलतेयस तू? अक्कल आहे का?"

"आणि फोन?" हानेकेने विचारलं.

"केला नाही. रात्रभर हातात होता. केला नाही."

हानेकेने मान हलवली. खिशातून रबरी हातमोजे काढले, एक जोडी अंबरीशच्या छातीवर टेकवली. "घाल."

"कशाला?"

"घाल म्हटलं ना."

त्याने घातले. तिने त्याचं मनगट धरून त्याला चरात गुडघ्यांवर बसवलं. साठी उलटलेली बाई, पण तिने वासरं ओढून काढलेली. त्या पकडीतून हात सोडवणं जमण्यासारखं नव्हतं. तिने त्याची दोन बोटं जखमेत घातली.

"आत जा. अजून. काय लागलं?"

"हाड," तो तोंड वळवून म्हणाला.

"हाडाच्या पुढे जा."

"पुढे काही नाही. बंद आहे."

"बरोबर. पुढे काही नाही. फुप्फुस तिथून चार बोटं आत आहे, आणि तुझी गोळी तिथे पोचलीच नाही. बाहेरच फुटली. तुझ्या बोटांना टोचतायत ते तुकडे. काल संध्याकाळपासून आतापर्यंत हे असं होतं. ती हलली की ते तुकडे हलायचे. हलव बोटं. हलव."

"पुरे," आसावरी म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?" हानेके तिच्याकडे न बघता म्हणाली.

अंबरीशने बोटं हलवली. मग त्याला ओकारी झाली, चराच्या पाण्यात. हानेकेने मनगट सोडलं. तो चढून वर आला, हातमोजे काढून फेकले आणि गवताला हात पुसत राहिला, हात स्वच्छ होते तरी.

पिल्लं परत आली होती. आई गार होत होती, पण त्यांना ते कळत नव्हतं. एक पिल्लू आंचळ तोंडात धरून ओढत होतं.

"यांचं काय?" आसावरीने विचारलं.

"यांचं काय म्हणजे? दूध नाही, म्हणजे आठवडाभर भुकेने फिरतील आणि मरतील. नाही मेली तरी या भागात डुक्कर ठेवायचं नाही." हानेकेने तिच्या हातातल्या रायफलकडे बोट केलं. "तू मार."

"मी?"

"मग कोण? त्याचे डोळे मिटतात. आणि माझी रायफल मी आणलेली नाही."

"मुद्दाम नाही आणलीस."

"हो," हानेके म्हणाली. "काल फोन केला असतास तर आईसाठी कुत्रा आणि पिल्लांसाठी रायफल, दोन्ही मी आणलं असतं. काल नाही केलास. आज तू मार."

आसावरी शेताच्या बांधावर पोटावर झोपली. एवढ्याशा जिवाला सिक्स-फाइव्ह फार होती. पहिलं पिल्लू गोळी लागल्यावर जागेवरून नाहीसंच झाल्यासारखं झालं. बाकीची मक्यात पळाली. तिला वाटलं, आता येणार नाहीत, सुटलो आपण. थोड्या वेळाने आली, आईच्या पोटाशी, पहिल्यापेक्षा जास्त चिकटून. दुसरं. पुन्हा पळाली, पुन्हा आली. दर वेळी ती मनातल्या मनात म्हणत होती, येऊ नका. दर वेळी पिल्लं येत होती, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. शेवटचं एकटं उरलेलं पिल्लू पळालंही नाही. मेलेल्या भावंडांच्या मध्ये उभं राहून ते तिच्याकडे बघत होतं. तिने श्वास पूर्ण सोडून, वर्गात शिकवलं होतं तसं, थांबून, मारलं.

अंबरीश गाडीपाशी पाठ करून उभा होता, दोन्ही कानांवर हात ठेवून.

हानेकेने त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. दोघांचंही, काहीही न लपवता. अंबरीशचा परवाना रद्द झाला, रायफल जप्त झाली, दंड झाला. ऑफिसमध्ये काही झालं नाही. कुणी विचारलंही नाही. आसावरीचा परवाना वर्षभरासाठी थांबवला. ती हानेकेला सांगायला गेली तेव्हा हानेकेने तिला दारातच उभं ठेवलं. "वर्षाने अर्ज कर," म्हणाली, "पण माझ्याकडे येऊ नकोस. त्याला अक्कल नव्हती. तुला होती."

घरात दोघं जेवणापुरते बोलत. एकदा आसावरीने विचारलं, "ते सगळं माझ्यावर ढकलताना तुला एकदाही काही वाटलं नाही?"

"प्रॅक्टिकल होतं ते," तो म्हणाला. "तुझं नुकसान कमी होतं, माझं जास्त. साधा हिशेब होता. तू भावनेच्या भरात दोघांचं नुकसान केलंस."

दिवाळीला फेल्डहोवनला रमेश आणि नीलिमाच्या घरी पंचवीस-तीस माणसं जमली होती. सगळी मराठी, बहुतेक अंबरीशच्याच क्षेत्रातली. फराळाची ताटं हातात घेऊन लोक सोफ्यावर, जिन्यावर, जमिनीवर बसले होते. मुलं वरच्या मजल्यावर डचमध्ये भांडत होती. कुणीतरी विचारलं, "काय अंबरीश, शिकार कशी चाललीये?"

"सोडली," अंबरीश म्हणाला.

"का रे?"

त्याने ताट मांडीवर ठेवलं. "नाही झालं मला. समोर एक मादी होती, पिल्लांसकट. तिचे डोळे बघितले आणि आतून काहीतरी तुटलं. बंदूक परत देऊन आलो. आपल्याला नाही जमत हे. संस्कार म्हणा, काही म्हणा."

रमेशने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोठी गोष्ट आहे," तो म्हणाला. "सोडून देणं सोपं नसतं." नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि पिल्लं?" तिने विचारलं. "पिल्लांचं काय झालं?"

अंबरीशने आसावरीकडे बघितलं. तो हसला नाही, पण हसण्याच्या फार जवळ आला. "ते हिला विचारा. हिने मारली. पाचच्या पाच."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात चकली होती.

"खरं?" नीलिमा म्हणाली.

"हो," आसावरी म्हणाली. "मी मारली. कारण त्यांची आई मेली होती. आईला याने गोळी घातली होती, हरणाच्या काडतुसाने, आणि फोन करू दिला नाही. मीही केला नाही. ती रात्रभर ओरडत होती. सकाळी मी गेले तेव्हा खांद्याचं हाड बाहेर आलं होतं आणि पिल्लं दूध पीत होती—"

"अगं!" नीलिमाने हात वर केला. "वर मुलं आहेत."

"—आणि ती ढुशा द्यायची तेव्हा आईला दुखायचं. म्हणून मी आधी तिला मारलं. बंदूक याने परत दिली नाही. पोलिसांनी घेतली."

"आसावरी, पुरे ना," रमेश म्हणाला. "दिवाळी आहे. हे जेवताना सांगायचं का?"

"त्यानेच विषय काढला."

"त्याने वेगळ्या पद्धतीने सांगितलं," कुणीतरी सोफ्यावरून म्हणालं, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अंबरीशने मान खाली घातली होती, आणि त्या मान खाली घालण्यालाही लोकांनी समजून घेतलं. कुणीतरी गाण्यांचा विषय काढला, कुणीतरी चहा टाकायला उठलं. जिन्यावर आसावरीच्या शेजारी बसलेल्या बाईने आपलं ताट उचललं आणि "जरा मुलांकडे बघून येते" म्हणून वर गेली. ती खाली आली तेव्हा दुसरीकडे बसली.

निघताना नीलिमा दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात फराळाचा डबा देत होती. आसावरी समोर आली तेव्हा ती क्षणभर घुटमळली. मग आसावरीच्या डोक्यावरून हात लांब करून तिने तो डबा मागे उभ्या असलेल्या अंबरीशकडे दिला.

"नीट जा," ती त्याला म्हणाली. "आणि मनाला लावून घेऊ नकोस."

आसावरीने स्वतःचे बूट घातले आणि त्याची वाट न बघता बसस्टॉपकडे चालू लागली.